सरकी भरलेलं पॅड

दसरा उलटला की आमच्या आदिलाबादच्या रस्त्यांवर पांढरं भुरभुरायला लागतं. जैनथ, बेला, तिकडच्या गाड्या कापूस भरून मार्केटकडं निघतात. ताडपत्री कितीही ताणून बांधा, कुठून ना कुठून पुंजके सुटतात आणि बाभळीच्या काट्यांना जाऊन लटकतात. चहाच्या कपात तंतू, चष्म्याच्या काडीत तंतू, वाळत घातलेल्या टॉवेलला तंतू. एके काळी हे मला फार आवडायचं. आता खोकला येतो. यंदाही कापूस आला, आणि मला पहिल्यांदाच वाटलं, थोडा उशिरा आला असता तर काय बिघडलं असतं?

माझी बायको मालती रोज निघताना म्हणते, "तोंडाले रुमाल बांधा ना. काऊन ऐकत नाही तुमी?" मी रुमाल खिशात घालतो आणि तो खिशातच राहतो. टेलिफोन खात्यात सगळी नोकरी दुसऱ्यांचं ऐकण्यात गेली, आता घरात ऐकायचा कंटाळा येतो, असं मी तिला सांगतो. ती म्हणते, कंटाळा कायचा, आळस म्हणा.

मग शेअर ऑटो. जैनथचा ऑटो भरल्याशिवाय निघत नाही, आणि भरला म्हणजे काय, याबद्दल ड्रायव्हरचं आणि माझं कधी जुळलं नाही. मी कडेला बसतो, कारण उजवा गुडघा पूर्ण वाकत नाही. एक पाय बाहेर काढावा लागतो. समोरून कापसाचा ट्रक आला की पाय आत, ट्रक गेला की पाय बाहेर. तरुणपणी गोलमध्ये उभा राहून मी हेच केलं, आणि तेव्हा लोक टाळ्या वाजवायचे. आता शेजारची बाई पिशवी सावरत म्हणते, "बाबा, सरकून बसा ना जरा."

जातो तो दिगूकडं. दिगू म्हणजे दिगंबर, आमच्या हॉकी टीमचा फुल-बॅक. तहसीलमध्ये जमिनीच्या पहाण्या, म्हणजे तिकडचे सातबारे, लिहिता लिहिता निवृत्त झाला आणि जैनथला घरी येऊन राहिला. बायको आधीच वारली होती. गेल्या श्रावणात सकाळी अंगणात झाडाला पाणी घालता घालता त्याच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय हळूहळू सुधारला, बोलणं थोडं जडावलं तरी कळतं, पण डावा हात मुठीसारखा मिटला तो मिटलाच. त्याचा मुलगा महेश हैदराबादला कंपनीत आहे. त्यानं मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "काका, संक्रांतीपर्यंत वाट बघतो. हात उघडला, स्वतःचं स्वतः करता आलं, तर राहू दे त्यांना इथं. नाहीतर मी घेऊन जाणार. मला तिकडं झोप लागत नाही." पोरगं चांगलं आहे, हीच तर अडचण. वाईट असतं तर भांडलो असतो.

दिगूला जायचं नव्हतं. दहाव्या मजल्यावर काय करू, म्हणायचा, कबुतरं मोजू? आणि खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षा जास्त मला तो जायला नको होता. टीममधला इथं उरलेला तो एकटाच. तो गेला की आख्ख्या तालुक्यात मला "अबे इन्या" म्हणणारं कोणी उरणार नव्हतं. बाकीच्यांसाठी मी विनायकराव, काका, नाहीतर ऑटोतला बाबा.

कापसाचा हंगाम हाच आमचा हॉकीचा हंगाम. बाहेरच्या माणसाला सांगितलं की इथं हॉकी खेळायचे, तर तो हसतो. हसू दे. जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या गिरणीच्या, मागं मोकळं मैदान होतं, काळ्या मातीवर मुरूम टाकून दाबलेलं. पावसाळाभर तिथं स्टिक टेकली तरी रुतायची. दसऱ्यानंतर ते वाळायचं, तडतडायचं, आणि जिनिंगचा भोंगा झाला की आम्ही उतरायचो. हवेत सरकीचा तेलकट वास. गोलसमोरच्या डीच्या चुन्याच्या रेषेवर कापसाचा पुंजका येऊन बसला तर लांबून बॉलच वाटायचा. परगावची टीम आली की त्यांचा एखादा तरी गडी त्या पुंजक्याला फटका मारायचाच, आणि आमचं सगळं मैदान हसायचं. आता तिथं गोदामं आहेत. मी त्या बाजूनं जात नाही. मुद्दाम टाळतो असं नाही, तिकडं काही काम पडत नाही.

मी गोलकीपर. आमच्या टीमच्या खेळाबद्दल मला विचाराल तर एक गोष्ट लक्षात ठेवा, मी सगळ्यांना पाठमोरं पाहिलं आहे. चेहऱ्यावरून ओळखणारे खूप असतील, मी पाठीवरून ओळखतो. मागं एका लग्नात गर्दीत एक पाठ दिसली आणि मी थेट जाऊन थाप मारली. तो नरसय्याच निघाला, आणि आम्ही कितीतरी वर्षांनी भेटत होतो.

नरसय्या आमचा सेंटर-हाफ. त्याची पाठ कधी घामानं भिजलेली पाहिली नाही. पळायचाच नाही तो. बाजारात भाजी घ्यायला निघाल्यासारखा चालायचा आणि बॉल जिथं येणार तिथं आधीच उभा असायचा. जोरात मारलेला बॉल त्याच्या स्टिकला लागला की मरून पडायचा, आवाजसुद्धा नाही. मग मान न वळवता नेमका पास, आणि तोंडातून एकच शब्द, "तीस्को." घे. सगळ्या मॅचमध्ये त्याचं तेवढंच बोलणं. आम्हा मराठी पोरांची तेलुगू तिथूनच सुरू झाली, आणि बऱ्याच जणांची तिथंच संपली. आता तो करीमनगरला मुलीकडं असतो. फोन केला की ऐकू येत नाही म्हणून मुलगी घेते आणि सांगते, "नान्ना बागुन्नारु." बरे आहेत. बरे असतील.

रहीम राइट-आउट. त्याची पाठ दिसायची ती लहान लहान होत जाणारी. ड्रिब्लिंग वगैरे भानगड नाही. बॉल पुढं ढकलायचा आणि त्याच्या मागं सुटायचा. साइडलाइनवरून असा पळायचा की मॅच संपल्यावर उजवा बूट चुन्यानं पांढरा. एकदा कोपऱ्याशी पोचला की न बघता बॉल गोलसमोर मारायचा, सेंटर करायचा. तिथं आपलं कोणी असेल यावर त्याचा काय विश्वास होता, देव जाणे. परत मात्र यायचा नाही. मी गोलमधून ओरडायचो, "रहीमभाई, पीछे आओ!" तो तिथूनच हात करायचा, "तुम लोग हैं ना!" होतो आम्ही. आता तो नाही. मातीला गेलो तेव्हा त्याच्या मुलानं मला ओळखलं नाही, आणि मला ओळख सांगायचं त्राण नव्हतं.

आणि शंकर, सेंटर-फॉरवर्ड. त्याच्या खेळाला खेळ म्हणायचं का, हा माझ्या मनात अजून प्रश्न आहे. तो समोरच्या डीमध्ये उभा राहून त्यांच्या गोलकीपरशी गप्पा मारायचा. "काय म्हणते पाऊसपाणी तुमच्याकडं? तूर कशी काय?" समोरचा बिचारा घरच्या तुरीचं सांगायला तोंड उघडायचा आणि तेवढ्यात रहीमचा सेंटर यायचा, शंकर मनगट वळवायचा, खट् करून बॉल गोलच्या फळीवर. एक गोलकीपर म्हणून मला ते कधी पटलं नाही. पण आम्ही त्याच्याच जिवावर जिंकायचो. तो आता पुण्यात असतो आणि रोज सकाळी फोनवर फुलांची चित्रं पाठवतो. एकदा मी उलट विचारलं, "तुरीचं काय म्हणते?" त्यानं हात जोडलेलं चित्र पाठवलं.

सगळ्यात जवळून पाहिलेली पाठ दिगूची. माझ्या पुढंच उभी असायची, रुंद, उजवा खांदा थोडा झुकलेला, बनियनला त्याच्या आईनं लावलेलं ठिगळ. आमचे पीटीचे सर सांगायचे, स्टिकवर डावा हात मालक, उजवा हात पाहुणा. वरचा डावा हात घट्ट, त्यानंच स्टिक वळवायची, उजव्यानं नुसतं टेकायचं. दिगूनं ते असं मनावर घेतलं की डाव्या हातानं तो काहीही धरायचा तर सुटायचं नाही. समोरून फॉरवर्ड बॉल घेऊन सुसाट आला की दिगू हलायचा नाही. शेवटच्या क्षणाला उजवा हात सोडून, एका डाव्या हातानं स्टिक जमिनीसरशी लांबवायचा. फॉरवर्ड पुढं, बॉल मागं. मग बाकीचे फुल-बॅक लांब फटका मारून मोकळे होतात, तसं दिगू करायचा नाही. बॉलला चिकटून राहायचा. दोघं अंगावर आले, तिघं आले, कोणी घोट्यावर मारलं, तरी बॉल त्याच्याच स्टिकपाशी. बघणारे म्हणायचे, याच्या स्टिकला गोंद आहे.

त्याच्यात खोट एकच होती. तो माझा बॉल मला घेऊ द्यायचा नाही.

आता "सोड" या शब्दाची भानगड सांगतो. आमच्या मैदानावर पुढचा गडी "सोड" म्हणाला तर त्याचा अर्थ, बॉल माझ्याकडं सोड, पास दे. आणि गोलकीपर "सोड" म्हणाला तर अर्थ, हात लावू नको, हा माझा आहे. एकच शब्द, दोन उलटी कामं. नवा पोरगा हमखास गोंधळायचा. मी "सोड" ओरडलो की तो घाबरून बॉल माझ्याकडंच मारायचा, आमच्याच गोलवर. मग सर शिव्या द्यायचे. म्हणून नरसय्या मदतीला ओरडायचा, "वदिलेय् रा!" तिकडून रहीम, "छोड यार!" तीन भाषांत तीच बोंब. बाकीच्यांना सवय झाली. दिगूला सगळ्या भाषांत अर्थ बरोबर कळायचा, आणि तो कोणत्याच भाषेत ऐकायचा नाही.

हे नेहमीच असं नव्हतं. सुरुवातीला सोडायचा. ज्या हंगामात सोडायचं बंद केलं, तो हंगाम मला नेमका आठवतो, कारण त्या वर्षी माझं पॅड बैलानं खाल्लं.

आमच्याकडं गोलकीपरची पॅडं म्हणजे जुन्या कॅनव्हासच्या पिशव्या, वर पट्टे. आत रुई. हंगामभर बॉल लागून लागून आणि दंव पिऊन ती रुई खाली घोट्यापाशी गोळा व्हायची, नडगीवर नुसतं कापड उरायचं. म्हणून दरवर्षी नवा कापूस आला की पॅडं उसवायची, जुनी रुई काढून टाकायची, नवी भरायची. ते झालं की आमचा हंगाम सुरू. रुई जिनिंगमधून मागून आणायची. पण त्या वर्षी दिगू म्हणाला, "रुई दबून जाते बे. यंदा सरकीसकटच भरू. वजन राहीन, बॉल बसला तरी हालणार नाही." त्यांच्या शेतातल्या पहिल्या वेचणीचा कापूस त्यानं पोत्यात भरून आणला. आम्ही सगळे कापसाच्या मुलखातले, कोणाचं शेत, कोणाचा बाप जिनिंगमध्ये. कोणाला काही शंका आली? नाही. उलट सगळ्यांनी पॅडं हातात घेऊन वजन बघितलं आणि माना डोलावल्या. दिगूनं स्वतः दाभण घेऊन शिवली. चालताना आत सरकी कुरकुर वाजायची. मला तर राजा झाल्यासारखं वाटत होतं.

सामने पैनगंगेपलीकडं पांढरकवड्याला होते. कापूस रिकामा करून परत निघालेल्या ट्रकमध्ये बसून गेलो, उतरलो तेव्हा सगळे पिंजून काढल्यासारखे दिसत होतो. एका शाळेच्या ओसरीत उतरायची सोय होती. पहिल्या दोन्ही मॅच मी पॅडांच्या जिवावर काढल्या. बॉल आला की धप्, जिथल्या तिथं. फायनलच्या सकाळी उठून बघतो तर ओसरीच्या कठड्याशी बांधलेला एक पांढरा बैल डोळे अर्धे मिटून रवंथ करतोय, आणि माझ्या डाव्या पॅडाचं गुडघ्याखालचं सगळं त्याच्या तोंडात. सरकीचा वास लागल्यावर बैल सोडतो होय! ढेप आणि सरकीवरच तर पोसलेला तो. आम्ही बोंब मारली तर बैलाचा मालक आला आणि आमच्यावरच चिडला. "कापडासकट कायले ठेवलं इथं? माह्या बैलाच्या पोटात बक्कल गेलं असन तर?" शंकर त्याची समजूत घालत राहिला, घरचं पाऊसपाणी विचारत राहिला. नरसय्यानं पॅडाचा चोथा उचलून बघितला आणि म्हणाला, "तीस्को." मला त्या वेळी हसू आलं नाही. आता येतं.

डाव्या नडगीला पोतं गुंडाळून मी फायनलला उभा राहिलो. आणि दिगूनं त्या दिवशी एकही बॉल माझ्यापर्यंत येऊ दिला नाही. एकही म्हणजे एकही. मी "सोड" ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. सोपा, घरंगळत येणारा, पोरानंही अडवावा असा बॉल, त्याच्याही आडवा पडायचा. एक बॉल त्यानं स्वतःच्या नडगीवर घेतला, रक्त आलं, तरी उठून तिथंच उभा. आम्ही जिंकलो. सगळ्यांनी त्याला उचललं. माझ्या कपड्यांवर मातीचा डाग नव्हता. परतीच्या ट्रकमध्ये मी त्याच्यापासून लांब बसलो आणि म्हणालो, "तुझा माझ्यावर भरवसा नाही ना? तर मग गोलमध्ये एखादा खांब उभा करत जा." तो शेंगा खात होता. त्यानं थोड्या शेंगा माझ्याकडं केल्या. मी घेतल्या नाहीत.

त्यानंतर आम्ही बरीच वर्षं खेळलो. पुढं नवी पॅडं आली, खरीखुरी, तरी दिगूची सवय गेली नाही. दोस्ती कायम होती, लग्नात एकमेकांच्या मागं उभे राहिलो, पण ती शेंगांची मूठ माझ्या मनातून गेली नाही. याला वाटतं, मला झेपत नाही. काय करणार, होता राग. होता म्हणजे होता.

तर यंदा त्याच दिगूच्या त्याच डाव्या हाताशी माझी गाठ. व्यायाम करून घ्यायला आदिलाबादची एक पोरगी आठवड्यातून एकदा यायची. तिनं मला समजावलं, "हाथ बंद होना तो अपनेआप होता अंकल. खोलना, वही मेहनत है." तिनं आणलेला पिवळा स्पंजचा बॉल होता, त्यावर हसरं तोंड काढलेलं. दिगूनं त्याच्याकडं असं बघितलं की मला दुसऱ्या दिवशी माळ्यावरून जुना हॉकीचा बॉल काढून न्यावा लागला. चामडं तडकलेलं, पांढरा रंग उडालेला. तो त्यानं बघितला, उजव्या हातानं उचलून हुंगला आणि म्हणाला, "ह्यो आपला."

रोजचं काम एकच. ओसरीत खुर्चीवर दिगू, खाली लोखंडी घमेलं. मी त्याची बोटं एकेक उघडायची, त्यात बॉल ठेवायचा, बोटं मिटू द्यायची. मग हात घमेल्यावर न्यायचा आणि त्यानं बॉल टाकायचा. टाकायचा कसला! ती पोरगी म्हणायची, "वदलंडि तातय्या, वदलंडि." सोडा आजोबा, सोडा. तो आणखी घट्ट धरायचा. कपाळावर घाम, ओठ वाकडा, आणि बोटं पांढरी. मग मी म्हणायचो, "सोड." तो माझ्याकडं बघायचा. "सोड बे दिग्या. सोड म्हणून राह्यलो ना." एवढं म्हणता म्हणता मलाच धाप लागायची. शेवटी मीच बोटं सोडवून बॉल काढून घ्यायचो, परत पहिल्यापासून. परतीच्या ऑटोत मी रोज ठरवायचो की उद्या यायचं नाही. शरीर नुसतं दुखत नाही हो, कंटाळतं. रात्री मालती तेल लावताना बोलत नसे, ते जास्त लागायचं.

मार्गशीर्षात एके दिवशी जैनथच्या फाट्यावर उतरताना ऑटो थोडा पुढं सरकला आणि मी सरळ रस्त्यावर गुडघ्यावर पडलो. लोकांनी उठवलं, पाणी दिलं, घरी जा म्हणाले. पण एवढं आलोय तर, म्हणून लंगडत गेलो. दिगू ओसरीत बसून रस्त्याकडं बघत होता. त्यानं फाट्यापासून येताना मला बघितलं असणार. पँट फाटलेली, माती लागलेली. त्या दिवशी मी "सोड" म्हणालो तेव्हा तो बॉलकडं बघतच नव्हता, माझ्या गुडघ्याकडं बघत होता.

पुढं काही दिवस गेले. सकाळी धुकं असायचं, शेतातली शेवटची वेचणी चाललेली, बायका डोक्यावर गाठोडी घेऊन समोरून जायच्या. त्यातली एखादी थांबून विचारायची, "उघडला का हात, भाऊ?" आणि एका दुपारी, मी काही म्हणायच्या आत, घमेल्यात ठण्ण झालं.

गोलकीपरच्या कानाला एक आवाज जन्माचा वैरी असतो, मागच्या फळीवर बॉल आपटल्याचा. हा तसाच होता. क्षणभर मी सवयीनं चरकलो. मग खाली बघितलं तर बॉल घमेल्यात फिरत होता आणि दिगूचा हात वर, उघडा. मी ओरडलो, "दिग्या! साल्या!" शेजारची बाई काय झालं म्हणून धावत आली. मी तिला बॉल दाखवला, तिला काही कळलं नाही, तरी ती रडली. मीही रडलो. दिगू एवढंच म्हणाला, "परत दे." परत दिला, परत टाकला. संध्याकाळपर्यंत त्या घमेल्याला उसंत नव्हती. त्या दिवशी परत जाताना ऑटोत मी पाय आत-बाहेर करायचंही विसरलो. मनात एकच, राहिला. आपला दिगू राहिला.

संक्रांतीला महेश गाडी घेऊन आला. दिगूनं त्याच्यासमोर सदऱ्याची बटनं लावून दाखवली, हळूहळू, पण स्वतः. डाव्या हातात पाण्याचा पेला धरला, प्यायला, खाली ठेवला. बोटं पेल्यावरून सुटली. महेश पोरगा शब्दाचा पक्का, म्हणाला, "ठीक आहे बाबा. राहा इथंच. मी येत जाईन." मी खुशीत तिळगुळाचा डबा उघडला. तेवढ्यात दिगू म्हणाला, "मी येतो तुह्यासंगं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. महेश माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणालो, "अबे, येडा झाला का? हात उघडला ना तुझा! आता कायले जातो?"

"हात उघडला म्हणूनच," तो म्हणाला. "मिटलेला असता तर नेऊन राह्यले असते मले. आता मी जाऊन राह्यलो."

"आन् आपलं काय? रोजचं?"

तो शब्द जुळवू लागला. जिभेला जड जात होतं की मनाला, मला कळलं नाही. मग म्हणाला, "त्या साली पॅड म्याच भरलं व्हतं ना, इन्या. सरकीसकट. बैलानं खाल्लं. तू पोतं बांधून उभा राह्यला. तवाच म्या ठरवलं, आता एक बॉल बी तुह्या अंगावर येऊ द्यायचा नाही." त्यानं माझ्या गुडघ्याकडं बघितलं. "आन् आता मीच रोज तुह्या अंगावर येऊन राह्यलो."

इतकी वर्षं मी ज्याला अविश्वास समजत होतो तो त्याचा पश्चात्ताप होता, आणि तो त्यानं नडग्या फोडून घेत फेडला होता. ट्रकमध्ये पुढं केलेल्या शेंगा मला आठवल्या. मी घेतल्या असत्या तर कदाचित तेव्हाच बोलला असता. डब्यातला तिळगूळ मी त्याच्या डाव्या हातावर ठेवला. त्यानं मूठ मिटली, उघडली, आणि माझ्या हातावर टाकला. गोड बोल वगैरे काही म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले. सामान थोडंच होतं. बॉल त्यानं सदऱ्याच्या खिशात घातला होता, खिसा फुगला होता. महेशनं दाराला कुलूप लावलं, कडी दोनदा हलवून बघितली. दिगू पुढच्या सीटवर. मी त्याच्या बाजूला उभा, काच खाली केलेली. फोन कर, गोळ्या वेळेवर घे, कबुतरं किती झाली ते कळव, असलं काहीबाही मी बोलत होतो. समोरच्या शेतात कापसाच्या पऱ्हाट्या नुसत्या काळ्या उभ्या होत्या. महेशनं गाडी सुरू केली. गाडी जागची हलेना. महेश माझ्याकडं बघत होता, संकोचून. मला वाटलं, काय झालं, काऊन थांबला हा?

दिगूनं डावा हात खिडकीवर आणला. तिथं माझ्या दोन्ही हातांच्या बोटांनी खिडकीची कडा गच्च धरलेली होती, सांधे पांढरे पडलेले, आणि मला ठाऊकही नव्हतं. त्यानं माझ्या बोटांवर थोपटलं, जसं मी रोज त्याच्या बोटांवर थोपटायचो.

"सोड बे, इन्या," तो म्हणाला.

मी सोडलं. गाडी फाट्याकडं निघाली. मागच्या काचेतून त्याची पाठ दिसत होती, उजवा खांदा थोडा झुकलेला. तो मागं वळला नाही. माझ्याकडं वळून बघायची त्याला सवयच नव्हती.